यंत्राची सकाळ आणि मजकुराचा पोशाख



आजच्या व्याख्यानाचा विषय कार्यक्रमपत्रिकेत वाचून आपल्यापैकी काहींच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. संगणक सुरू होताना काय काय घडते हा एक विषय, आणि लिहिलेल्या मजकुराला रूप कसे द्यावे हा दुसरा. या दोघांची मोट एकत्र बांधण्याचे कारण काय, असे कोणी विचारील. आमचे उत्तर थोडक्यात असे : माणसाच्या मनातील हेतू यंत्रासाठी अशा रीतीने लिहून ठेवावयाचा, की उद्या तो लिहिणारा नसला तरी दुसऱ्या माणसाला तो वाचता यावा. हा एकच प्रश्न दोन्हीकडे आहे. दोन्हीकडे लोकांनी पुष्कळ खटपट केली, थोडे भांडणही केले, आणि अखेर जवळजवळ एकाच ठिकाणी येऊन पोचले. तो प्रवास आज आपल्यापुढे मांडावयाचा आहे.

प्रथम यंत्राची सकाळ पाहू. आपण बटण दाबता तेव्हा संगणकाला काहीच ठाऊक नसते. त्याच्या कायम स्मृतीत कोरलेला एक छोटासा कार्यक्रम तेवढा जागा होतो. तो हातपाय ठिकाणावर आहेत की नाहीत हे तपासतो, आणि तबकडीवरून पुढच्या, जरा मोठ्या कार्यक्रमाला हाक मारतो. तो दुसरा कार्यक्रम यंत्रणेचा गाभा, ज्याला कर्नेल म्हणतात, तो उचलून स्मृतीत आणतो. या साऱ्या क्रियेला इंग्रजीत ‘बूट’ म्हणतात. स्वतःच्या बुटाचे पट्टे ओढून स्वतःलाच वर उचलावे, अशी त्यामागची विनोदी कल्पना आहे. गाभा जागा झाला की तो क्रमांक एकच्या कार्यक्रमाला जन्म देतो. युनिक्स घराण्यात त्याचे परंपरागत नाव ‘इनिट’. पुढे यंत्रावर जे जे चालते ते सारे या कुटुंबप्रमुखाची मुले-नातवंडे. घड्याळ लावणे, तबकड्या जोडणे, जाळ्याशी संबंध जुळविणे, छपाईयंत्राची रांग सांभाळणे, ही सर्व कामे त्याच्या देखरेखीखाली सुरू व्हावयाची असतात.

आता प्रश्न असा की ही कामे कोणत्या क्रमाने करावयाची हे त्याला सांगावयाचे कोणी? युनिक्सचा जन्म १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत झाला. केन टॉमसन व डेनिस रिची हे त्याचे कर्ते. त्यांनी दिलेले उत्तर अगदी साधे होते : एका साध्या मजकुराच्या फाइलीत आज्ञा एकाखाली एक लिहून ठेवा, यंत्र त्या वाचून पार पाडील. त्या फाइलीचे नाव ‘आरसी’. हे नाव त्याहून जुने आहे. एम. आय. टी. मध्ये १९६० नंतरच्या दशकात जी कालविभागणीची यंत्रणा होती, तिच्यात लुई पूझँ यांनी आज्ञांची यादी ओळीने चालविण्याची ‘रनकॉम’ नावाची सोय केली होती. त्या नावाचे हे संक्षिप्त रूप. अशा यादीला आपण आज्ञावली म्हणू. इंग्रजी शब्द ‘स्क्रिप्ट’ आहे, आणि नाटकाच्या संहितेलाही तोच शब्द आहे, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. संहिता कोणालाही वाचता येते. तिच्यात काय आहे हे पाहण्यासाठी नटाचे पोट फाडावे लागत नाही.

कामे वाढली तशी एक लांबलचक यादी अपुरी पडू लागली. १९८३ च्या सिस्टिम फाइव्ह या आवृत्तीमुळे एक पद्धत रूढ झाली. प्रत्येक कामाची वेगळी आज्ञावली, आणि प्रत्येकीला दोन शब्द तरी समजलेच पाहिजेत : ‘सुरू हो’ आणि ‘थांब’. यंत्राच्या अवस्थांना अंक दिले. शून्य म्हणजे बंद, एक म्हणजे दुरुस्तीसाठी एकट्या कारभाऱ्याची अवस्था, सहा म्हणजे बंद करून पुन्हा सुरू. प्रत्येक अवस्थेची एक कपाटासारखी निर्देशिका असे, आणि तिच्यात आज्ञावल्यांकडे बोट दाखविणाऱ्या चिठ्ठ्या. चिठ्ठीचे नाव ‘एस’ने सुरू झाले तर काम सुरू करावयाचे, ‘के’ने झाले तर थांबवावयाचे. त्या अक्षरापुढे दोन अंक. वीस क्रमांकाची चिठ्ठी तीस क्रमांकाच्या आधी. झाले! एवढ्यावर जगातील असंख्य यंत्रे वर्षानुवर्षे रोज सकाळी उठत होती.

ही पद्धत आम्हांला मनापासून आवडते, हे आम्ही लपवून ठेवीत नाही. तिच्यात गूढ असे काही नाही. चिठ्ठ्यांची यादी वाचली की यंत्राची दिनचर्या समजते. पण तिच्यात दोन दोष होते, आणि ते किरकोळ नव्हते.

पहिला दोष क्रमांकाचा. तीस क्रमांकाचे काम विसाच्या नंतर का, हे क्रमांक सांगत नाही. कोणा एका कारभाऱ्याला ते ठाऊक होते. तो निवृत्त झाला, कारण त्याच्याबरोबर गेले, अंक मात्र मागे राहिला. नवा माणूस तो अंक बदलावयास भितो. आपल्या घरांतूनही अशा पुष्कळ चाली आहेत, की ज्यांचा क्रम सर्वांना पाठ आहे आणि कारण कोणालाच सांगता येत नाही. शिवाय यादी ओळीने चालत असल्यामुळे एक काम अडले की मागची सारी रांग खोळंबते, मग मागच्यांचा त्या कामाशी संबंध असो वा नसो.

दुसरा दोष चिठ्ठीचा. काम सुरू झाले की गाभा त्याला एक क्रमांक देतो. आज्ञावली तो क्रमांक एका फाइलीत टिपून ठेवी, म्हणजे पुढे ‘थांब’ म्हणताना कोणाला थांबवावयाचे ते कळे. पण ते काम मध्येच आपोआप मरण पावले तर? चिठ्ठी तशीच राहते. मेलेला माणूस मतदारयादीत राहावा तसे. पुढे तोच क्रमांक गाभा दुसऱ्याच कामाला देऊ शकतो, आणि ‘थांब’ अशी आज्ञा झाली की भलत्याचाच गळा दाबला जातो. सावध लेखक यावर उपाय करीत; पण प्रत्येक आज्ञावलीचा लेखक सावध असेल असे कोण सांगणार?

यावर उपाय शोधणाऱ्यांनी प्रश्नच उलटा केला. ‘आधी हे कर, मग ते कर’ असे सांगण्याऐवजी प्रत्येक कामाने आपली ओळख आणि आपली गरज तेवढी सांगावी. क्रम यंत्राने लावावा. लिनक्सच्या जगात प्रथम जुन्या आज्ञावल्यांच्या डोक्यावर टिपणाच्या ओळी लिहावयास सुरुवात झाली : मला जाळे लागते, मला तबकड्या लागतात, वगैरे. २०१० साली लेनार्ट पोटरिंग व काय सीव्हर्स यांनी ‘सिस्टिमडी’ ही नवी व्यवस्था पुढे आणली, आणि २०११ च्या फेडोरा १५ मध्ये ती मुख्य म्हणून आली. तिच्यात कामाचे वर्णन आठदहा ओळींत होते. हे काम काय आहे, कोणता कार्यक्रम चालवावयाचा, त्याला कोण हवे, तो कोणाच्या नंतर. मेलेल्यांच्या चिठ्ठ्यांवर भिस्त ठेवण्याचे कारण उरले नाही; कोणते कार्य कोणाच्या पोटी जन्मले याचा हिशेब गाभाच कप्पे करून ठेवतो.

येथे एक बारीक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण नवशिके हमखास तेथेच चुकतात. ‘मला तो हवा’ आणि ‘मी त्याच्यानंतर’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लग्नात वराला वधू हवीच, तिच्यावाचून लग्न नाही. परंतु मांडवात आधी कोण येणार हा निराळा प्रश्न आहे. उलट, पाहुणे येणार असतील तर आपण त्यांच्यानंतर जेवू, आणि येणारच नसतील तर वेळ झाली की पानावर बसू. पहिल्यात गरज आहे, क्रम नाही. दुसऱ्यात क्रम आहे, गरज नाही. सिस्टिमडीत या दोन्ही वेगवेगळ्या लिहाव्या लागतात. नुसती गरज लिहिली आणि क्रम लिहिला नाही, तर दोन्ही कामे एकदमच निघतात, आणि मग कधी चालते, कधी चालत नाही. असा रोग पकडणे फार कठीण.

हा बदल सुखासुखी झाला असे मात्र समजू नका. डेबियन ही स्वयंसेवकांनी चालविलेली मोठी लिनक्स-संस्था. तिच्या तांत्रिक समितीत २०१४ च्या फेब्रुवारीत मते समसमान पडली, आणि अध्यक्षांच्या निर्णायक मताने सिस्टिमडीचा पक्ष जिंकला. काही मंडळी एवढी दुखावली, की त्यांनी वेगळे घर मांडले. ‘देवुआन’ असे त्याचे नाव. त्यांचे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. जुनी आज्ञावली उघडली की यंत्र काय करणार ते ओळीओळीने वाचता येई, आणि गरज पडल्यास बदलता येई. नव्या व्यवस्थेत वर्णन सुटसुटीत झाले, पण ते वर्णन वाचून क्रम लावणारा कारभारी मोठा आणि गुंतागुंतीचा झाला. ज्ञान आज्ञावलीतून निघून कारभाऱ्याच्या डोक्यात गेले. आमच्या मते नवी पद्धत अधिक चांगली आहे. परंतु तिची ही किंमत मोजावी लागली, हे मान्य केल्याशिवाय तिची स्तुती करणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

आता पुलाचा दगड सांगतो, म्हणजे दुसऱ्या विषयात जाता येईल. २००५ हे साल लक्षात ठेवा. त्या वर्षी सन कंपनीच्या सोलारिस १० मध्ये आणि ॲपलच्या मॅक यंत्रणेच्या १०.४ या आवृत्तीत प्रारंभाची व्यवस्था नव्याने बांधली गेली. दोन्हीकडे कामाचे वर्णन करण्यासाठी एकच लिपी निवडली गेली : एक्सएमएल.

ही एक्सएमएल काय वस्तू आहे? तिची आजी आयबीएम कंपनीत १९६९ साली जन्मली. चार्ल्स गोल्डफार्ब, एडवर्ड मोशर आणि रेमंड लॉरी यांनी कायद्याच्या कागदपत्रांसाठी ती रचली आणि आपल्या आडनावांची आद्याक्षरे जुळतील असे जीएमएल हे नाव तिला दिले. गोल्डफार्ब हे मूळचे वकील. त्यांचे सूत्र असे : मजकुरात ‘हे ठळक छाप’ असे लिहू नका, ‘हे शीर्षक आहे’ असे लिहा. ठळक छापावयाचे की मोठे छापावयाचे, ते छापणारा नंतर ठरवील. १९८६ साली तिच्या पोटी आंतरराष्ट्रीय प्रमाण म्हणून एसजीएमएल आली. ती फार भारदस्त होती. तिचे सुटसुटीत रूप म्हणजे १० फेब्रुवारी १९९८ रोजी संमत झालेली एक्सएमएल.

तिचा नियम सोपा. मजकुराच्या प्रत्येक तुकड्याला कोनदार कंसात नावाची खूण घालावयाची, आणि तुकडा संपला की तिरकी रेघ देऊन तीच खूण बंद करावयाची. खुणांची नावे आपण ठरवावयाची, आणि ती इंग्रजीच हवीत असे मुळीच नाही! देवनागरी अक्षरांना पहिल्या दिवसापासून मुभा आहे. एखाद्या सार्वजनिक वाचनालयाची यादी अशी लिहिता येईल :

<ग्रंथ>
<नाव>गीतारहस्य</नाव>
<लेखक>लोकमान्य टिळक</लेखक>
<साल>१९१५</साल>
</ग्रंथ>

हे केवळ समजुतीसाठी लिहिलेले नाही, हे खरोखरचे एक्सएमएल आहे. पथ्ये थोडी आहेत, पण कडक आहेत. खुणेच्या नावात मोकळी जागा नको, नावाची सुरुवात अंकाने नको, जी खूण नंतर उघडली ती आधी मिटली पाहिजे, आणि सर्वांना पोटात घेणारी एकच खूण बाहेर हवी. एक जरी खूण उघडी राहिली तर वाचणाऱ्या कार्यक्रमाने तेथेच थांबून चूक सांगावयाची असते. अंदाजाने पुढे जावयाचे नसते. हे सोवळे काहींना जाचते. पण हिशेबाच्या वहीत बेरीज जुळत नसताना अंदाजाने पुढे जाणारा कारकून आपण ठेवाल काय?

हा मजकूर ब्राउझरमध्ये उघडला तर खुणांसकट उघडावाघडा दिसतो. कारण ‘ग्रंथ’ म्हणजे काय हे ब्राउझरला ठाऊक नाही. त्याला पोशाख देण्यासाठी एक वेगळी फाइल लिहावयाची आणि मजकुराच्या माथ्यावर तिचा पत्ता द्यावयाचा. एक्सएमएलला असा पत्ता जोडण्याची रीत १९९९ साली प्रमाण झाली. पोशाखाच्या भाषेचे नाव सीएसएस. होकुन व्हिउम ली यांनी १९९४ साली ती सुचविली, बर्ट बॉस त्यांना येऊन मिळाले, आणि १९९६ च्या डिसेंबरात तिची पहिली आवृत्ती संमत झाली. तिच्यात आधी खुणेचे नाव लिहावयाचे, आणि पुढे महिरपी कंसात तिचा थाट. खुणेचे नाव येथेही देवनागरीत चालते. थाटाचे शब्द मात्र इंग्रजीच लिहावे लागतात.

येथे नवशिक्याला पहिला धक्का बसतो. त्याने ग्रंथनामाला तांबडा रंग दिला, लेखकाला तिरके अक्षर दिले आणि पाहतो तो सारी यादी एका ओळीत आगगाडीच्या डब्यांसारखी जोडलेली! कारण, काहीच सांगितले नसेल तर प्रत्येक तुकडा ओळीतच बसतो, असा त्या भाषेचा मूळ नियम आहे. म्हणून पहिली आज्ञा रंगाची नव्हे, जागेची द्यावयाची : ‘ग्रंथ’ हा स्वतंत्र ठोकळा समज, ‘नाव’ हाही ठोकळा समज. मग समास, मग अक्षराचा आकार, आणि रंग सर्वांच्या शेवटी. घर बांधताना आधी भिंती, मग रंग, हा क्रम गवंड्याला कोणी शिकवावा लागत नाही. ‘लेखक’ या तुकड्याच्या आधी ‘लेखक :’ अशी अक्षरे आपोआप उमटविण्याची सोयही आहे. ती मूळ मजकुरात लिहावी लागत नाहीत. एकाच मजकुराला पडद्यासाठी एक पोशाख आणि कागदासाठी दुसरा देता येतो. वृद्ध वाचकांसाठी मोठ्या अक्षरांचा तिसरा शिवला, तरी मूळ यादीच्या केसालाही धक्का लागत नाही.

या भाषेची मर्यादाही सांगतो. ती पोशाख देते, विचार करीत नाही. ग्रंथ सालाप्रमाणे लावून दाखव, लेखकवार मोजून दाखव, ही कामे तिची नव्हेत. त्यासाठी १९९९ सालीच एक्सएसएलटी ही मजकुराचे रूपांतर करणारी वेगळी भाषा प्रमाण झाली. दुसरी मर्यादा अधिक महत्त्वाची. आपण ‘नाव’ ठळक केले तर डोळस माणसाला ते शीर्षक वाटते. अंध वाचकाला मजकूर मोठ्याने वाचून दाखविणाऱ्या कार्यक्रमाला मात्र त्यात शीर्षक असे काही आढळत नाही, कारण पोशाखाने अर्थ येत नाही. सर्वसामान्य पानांची एचटीएमएल ही भाषा तेथे वरचढ ठरते. तिच्या खुणांचे अर्थ सर्वांनी मिळून ठरविलेले आहेत. म्हणून आमचा सल्ला असा की मूळ जतन करावे आपल्या खुणांनी, आणि लोकांपुढे ठेवताना त्याचे रूपांतर सर्वमान्य खुणांत करावे.

आता आपण विचाराल, हे सारे त्या संगणकवाल्यांचे. आमचे यात काय अडले आहे? मराठी वाचकाचे तर फारच अडले आहे. देवनागरीला युनिकोडच्या पहिल्याच आवृत्तीत, १९९१ साली, जागा मिळाली होती. भारताचे इस्की हे प्रमाणही त्याच साली निघाले. परंतु छापखान्यांत आणि कचेऱ्यांत पुढे कित्येक वर्षे निराळाच प्रकार चालला. इंग्रजी अक्षराच्या जागेवर मराठी अक्षराचे चित्र बसविलेले टंक वापरले जात. फाइलीत खरोखर साठविलेली अक्षरे इंग्रजीच. त्यांवर मराठीचा नुसता अंगरखा. ज्याच्या यंत्रावर तो विशिष्ट टंक आहे त्याला मराठी दिसे. ज्याच्याकडे नाही त्याच्यासमोर इंग्रजी अक्षरांचा अर्थहीन खिचडा. त्यात शब्द शोधता येत नाही, अकारविल्हे यादी लावता येत नाही, अंधांना वाचून दाखविता येत नाही. पुस्तके, अहवाल, स्मरणिका, संस्थांची इतिवृत्ते, सारे अशा फाइलींत अडकून पडले. त्यांना सोडविण्यासाठी प्रत्येक टंकाचे वेगळे रूपांतर-कोष्टक लागते, आणि तरीही जोडाक्षरे तपासावयास माणूस बसवावा लागतो.

हा कशाचा परिणाम? पोशाखालाच देह समजल्याचा. एक्सएमएल वाचणाऱ्या प्रत्येक कार्यक्रमाला युनिकोडची दोन रूपे वाचता आलीच पाहिजेत, असा तिचा दंडकच आहे. म्हणून तिच्यात लिहिलेले मराठी, टंक कोणताही असो, मराठीच राहते. हेच न्यायाने पहिल्या विषयाला लावा. चिठ्ठीवरचा तीस हा अंक म्हणजेही एक अंगरखा. ‘मला तबकडी लागते’ हा त्याखालचा देह. अंक राहिला आणि गरज विसरली, तर यंत्र चालते, पण ते का चालते हे कोणालाच सांगता येत नाही. आणि ज्या दिवशी चालत नाही त्या दिवशी दुरुस्त करणारा मिळत नाही.

म्हणून आपल्यापैकी जे कोणी वाचनालयांचे, पतपेढ्यांचे, गृहरचना संस्थांचे, शाळांचे चालक असतील त्यांना आमची विनंती आहे, की आपल्या संगणकाच्या कारभाऱ्याला तीन प्रश्न विचारावेत. पहिला : दिवे जाऊन आले तर यंत्रावर कोणकोणती कामे आपोआप सुरू होतात, आणि प्रत्येकाला कशाची गरज आहे, हे कोठे लिहून ठेवले आहे? दुसरा : आपले दप्तर ज्या फाइलींत आहे त्या, आज वापरात असलेला कार्यक्रम उद्या मिळेनासा झाला, तर साध्या मजकुरासारख्या उघडून वाचता येतील काय? तिसरा : जुन्या टंकांतले मराठी युनिकोडमध्ये आणण्याचे काम सुरू झाले आहे काय? या प्रश्नांना तांत्रिक भाषेत उत्तरे मिळाली तर घाबरू नये. ‘मला समजेल असे सांगा’ म्हणावे. ज्याला काम समजले आहे त्याला ते सांगताही येते.

तिसऱ्या प्रश्नाला उशीर चालणार नाही, हे मुद्दाम सांगावेसे वाटते. ते टंक चालविणारी जुनी यंत्रे एकेक करून भंगारात जात आहेत, आणि कोणत्या फाइलीला कोणता टंक होता हे आठवणारे टंकलेखक आता म्हातारे झाले आहेत. ताम्रपट आणि मोडीतील दप्तरे शेकडो वर्षांनी वाचता आली, कारण अक्षर म्हणून जे कोरले वा लिहिले गेले ते अक्षरच होते. पंचवीस वर्षांपूर्वीचे इतिवृत्त वाचता येत नाही असे आपल्या नातवंडांना सांगण्याची पाळी आपल्यावर येऊ नये. ती टाळणे अजून आपल्या हाती आहे, आणि त्याला पैशापेक्षा चिकाटी अधिक लागते.